कोलंबोच्या बाजारात मोताळ्याची मिरची

मोताळ्याच्या गोजरबाईनं वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत पाहिलेलं सगळ्यात मोठं गाव म्हणजे खामगाव. तेही दोनदाच, एकदा लग्नाच्या बस्त्याला आणि एकदा बहिणीच्या बाळंतपणाला. तीच बाई १९६३ च्या चैत्रात आगबोटीत बसून सिलोनला गेली, आणि ती गेली नवऱ्याच्या पोटापायी.

तिचा नवरा मोतीराम वाळल्या मिरचीचा व्यापारी. आसपासच्या गावांतली मिरची घ्यायची, पोत्यांत दाबून भरायची आणि मुंबईला पाठवायची. तिथून ती कोलंबोला जाई. दोन वर्षं तिथल्या युसूफ शेठची पत्रं येत होती, माल खराब निघतो म्हणून. मोतीरामला संशय मुंबईच्या दलालांचा. एकदा कोलंबोला जाऊन डोळ्यांनी पाहायचं, असं त्यानं ठरवलं. पण आदल्या वर्षी त्याच्या पोटात व्रण झाला होता. बुलढाण्याच्या डॉक्टरनं ज्वारीची भाकर, दूध आणि फिकं वरण एवढंच सांगितलं होतं. मिरचीचा व्यापारी, आणि मिरची बंद!

"तथी कोण भाकर करून देईन तुमाले?" गोजरबाई म्हणाली. "मी येतो संगं."

"तू? समुद्रापार?"

"काऊन? समुद्रात बायाइले बंदी हाय का?"

मोतीराम हसला. मलकापूरला गाडीत बसले ते गाड्या बदलत बदलत मद्रास, तिथून धनुष्कोडी, तिथून बोट. पत्र्याच्या डब्यात पायलीभर ज्वारीचं पीठ आणि लोखंडी तवा. बोटीत मोतीराम ओकून ओकून निपचित पडला. गोजरबाई मात्र कठड्याला धरून उभी होती. एवढं पाणी आणि एक घोट पिण्याजोगा नाही, याचंच तिला नवल वाटत राहिलं.

पलीकडं उतरून पुन्हा रेल्वेनं कोलंबो. तिथं युसूफ शेठच्या गोदामावरची खोली मिळाली. शेठ मेमन, मूळचा काठेवाडकडचा, हिंदुस्तानी बोलणारा. त्याची बायको फातिमा मायाळू होती. पहिले दोन दिवस गोजरबाई खिडकीत बसून होती. मोतीराम सकाळी भाकर खाऊन खाली जाई, तो दुपार कलल्यावर येई. तिसऱ्या दिवशी तिनं नऊवारीचा काचा घट्ट केला आणि जिना उतरली.

"अकेली मत जाना बहन, रास्ता भूल जाओगी," फातिमा म्हणाली.

"नही भुलती. वो लाल-पांढरे पट्टे की मशीद दिसती ना, उसके पीछे अपना घर."

मशीद नजरेआड होणार नाही एवढंच ती पहिल्या दिवशी चालली. दुसऱ्या दिवशी घड्याळाच्या मनोऱ्यापर्यंत. मग वरच्या तारेला दांडा लावून चालणारी बस तिनं पाहिली. कंडक्टरसमोर तिनं तळहातावर नाणी धरली, त्यानं हवी ती उचलली, आणि ती शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसनं परत आली. समुद्रकाठच्या हिरव्या मैदानावर मोठी माणसं पतंग उडवत होती. एका विहारात पांढऱ्या कपड्यांतली माणसं फुलं घेऊन चालली होती. मोटारीतून उतरलेला साहेब आणि हातगाडीवाला एकाच ओळीत. गोजरबाई पायरीवर टेकली. गावात सात वर्षांपूर्वी ज्या वस्तीनं धम्म घेतला, तिथं तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्या वस्तीतली बुद्धाची मूर्ती हीच असणार, हे तिला आता उमगलं. तिनंही एक फूल वाहिलं. नवऱ्याला हे सांगायला तिला दोन दिवस लागले.

सातव्या दिवशी बाजाराच्या एका गल्लीत तिला ठसका लागला. ओळखीचाच ठसका! रस्त्याच्या कडेला पांढऱ्या झंपरातली एक म्हातारी मिरची घेऊन बसली होती. पुढ्यात दोन ढीग होते, एक मोठा, एक लहान. गोजरबाईनं लहान ढिगातली मिरची उचलली. आखूड, जाड सालीची, देठाशी किंचित वाकडी. ही आपल्याकडचीच. मोताळ्याची मिरची बाजूला काऊन?

तिनं खुणेनं विचारलं. म्हातारीनं मोठ्या ढिगातली मिरची फोडून दाखवली. आत पिवळं, लखलखीत बी. मग लहान ढिगातली फोडली. आत करडी बुरशी. म्हातारीनं नाक मुरडलं, मिरची मागं टाकली आणि हात झटकला. घेणाऱ्या बायकाही तसंच करत होत्या. एक फोडायची, आत पाहायची, पुढं जायचं.

गोजरबाईनं आणखी एक फोडली, तीही तशीच. ही बुरशी मुंबईची नव्हती. पोती भरताना मिरचीचा चुरा होऊ नये म्हणून तिच्याच अंगणात पाण्याचा शिपका मारत. कित्येकदा बादली तिच्याच हातात असे.

दुपारी जेवताना तिनं सांगितलं. मोतीरामनं भाकर बाजूला सारली.

"सगळेच मारतात पानी. नाई मारलं त पोत्यात भुसा होते."

"अन् मारलं त बुरशी होते. दलालाचा काई दोस नाई."

"तू मले धंदा शिकवून राह्यली का?"

"म्या कायले शिकवू? थे बुढी शिकवते. सकाळी चला माह्यासंगं."

सकाळी तो आला. म्हातारीनं गोजरबाईला ओळखलं आणि मोतीरामकडं पाहत एक मिरची फोडली. मग दुसरी. तिसरी त्यानं स्वतःच फोडली. ती मुठीत घेतली. तसाच तो युसूफ शेठच्या गादीवर गेला आणि म्हणाला, "शेठ, गलती हमारी है. आते साल का माल देखना."

पाणी न मारता पोती भरायची कशी, हा प्रश्न परतीच्या वाटेवर गाडीत सुटला, तोही गोजरबाईनंच सोडवला. पहाटे खळ्यावरची मिरची हाताला मऊ लागते, ऊन चढलं की कडक होते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पुढच्या माघात तिनं बायकांना तांबडं फुटायच्या आत बोलावलं. हवेच्या ओलाव्यानं मऊ झालेली मिरची दिवस वर येईस्तोवर भरायची, मग काम बंद. बायका कुरकुरल्या, गावातले व्यापारी हसले. पण त्या साली युसूफ शेठचं पत्र आलं तेव्हा मोतीरामनं ते ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं.

पुढच्या डिसेंबरात मोठं वादळ झालं. धनुष्कोडी आणि तिथला रेल्वेचा रस्ता समुद्रात गेला. माल दुसऱ्या बंदरातून जाऊ लागला, पण त्या दोघांचं कोलंबोला जाणं पुन्हा झालं नाही. मोतीरामचं पोट मात्र हळूहळू सुधारलं. तो गुंटूरला गेला, नागपूरला गेला, आणि दरवेळी निघताना अंगणातून हाक मारी, "आटपलं का वं? गाडी चुकीन."

"पोट त बरं झालं ना तुमचं," ती आतून म्हणे, "आता मी कायले?"

"बाजार पायाले," तो म्हणे.