कशात तळलाय?

ड्युसेलडॉर्फात आल्यावर पहिल्यांदा विकत घेतलेला तळलेला मासा मी तोंडात घातला नाही. नदीकाठच्या टपरीवर घेतला, कागद उघडला, वास घेतला आणि पुन्हा गुंडाळला. टपरीवाला बघत राहिला. तेव्हा मला जर्मन येत नव्हतं. मी कढईकडे बोट केलं आणि डुकरासारखा आवाज काढला. म्हणजे, यात तळलाय का? तो हसला आणि त्यानंही तसाच आवाज काढला. हो म्हणाला की माझी टर उडवली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मासा तसाच घरी नेला. बायकोनं एक घास घेतला आणि मोरीकडे धावली.

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. मुलगी म्हणते, पापा, बसून बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा काहीतरी लिहा. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहून लिहून काय लिहिणार? जे घडलं ते लिहितो.

आम्ही कोकणातले, खाडीकाठचे. मी बोटीवर भट्टीत कोळसा मारायचो. बोट सोडली ती इंग्लंडात, उत्तरेकडच्या एका बंदरात, आणि तिथंच कारखान्याला लागलो. मग बायकोला गावाहून आणली. त्या बंदरात खायचे हाल होते. नुसतं उकडलेलं. कोबी उकडलेला, बटाटा उकडलेला, माणसंही उकडल्यासारखीच दिसायची. एकच गोष्ट खाण्यासारखी होती. कोपऱ्यावरचं मासे आणि बटाट्याचं दुकान. जाड पिठाच्या कवचातला मासा, बोटाएवढे बटाट्याचे तुकडे, वरून तपकिरी व्हिनेगर, आणि सगळं वर्तमानपत्रात बांधलेलं. शुक्रवारी आम्ही दोघं ते घरी आणून चुलीपुढे बसून खायचो.

मी तसा कुणावर विश्वास ठेवणारा नाही. त्या दुकानातही पहिल्या दिवशी मी आत जाऊन कच्चा मासा बघितला होता. दाबून, कल्ले उघडून. मासा ताजा होता. झालं, माझी खात्री पटली. आमच्याकडे पुरुष मासा पारखतो. कढईत काय आहे ते बायका बघतात. कढईकडे बघायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. पुढे बायको त्याच दुकानात सकाळी बटाटे सोलायला जायला लागली. म्हटलं, बरं झालं, घरचंच माणूस आत आहे.

इंग्लंडात आमचं एक मूल पोटातच गेलं. त्यानंतर ती गप्प झाली. मलाही तिथं राहवेना. कुणीतरी म्हणालं, जर्मनीत ओतकामाच्या कारखान्यात भट्टीपाशी उभं राहणारी माणसं पाहिजेत. आम्ही आलो. साठ सालच्या आसपासची गोष्ट. आल्यावर वर्षभरात तिला पुन्हा दिवस गेले.

तिसरा महिना लागला आणि अन्न बंद झालं. भात नको, रस्सा नको, पाव नको. कोरड्या उलट्या. गालाची हाडं दिसायला लागली. डॉक्टर म्हातारा होता, फार बोलायचा नाही. त्यानं एवढंच सांगितलं की बाई अशीच उपाशी राहिली तर मूल राहायचं नाही. कागदावर बाळाचं चित्र काढलं आणि त्याच्यावर काट मारली. ते समजायला भाषा लागली नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुला काय खावंसं वाटतं ते सांग. काहीही सांग."

ती म्हणाली, "तिथला मासा."

"तिथला म्हणजे? खाडीतला?"

"नाही हो. इंग्लंडातला. कागदातला."

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. म्हटलं, ही मासा मागत नाही, ही परत जायचं मागते. तिथं त्या माशाच्या दुकानाची मालकीण होती, हसायला बोलायला. इथं कोण होतं? मी बोलूनही दाखवलं, "डोहाळे इंग्लंडचे लागलेत का माशाचे?"

"तुम्हाला सगळ्यात काहीतरी दिसतंच," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मग तशीच, पाठमोरी बोलली, "डोहाळे पुरवले नाहीत तर पोराचा कान फुटतो. माझी आई सांगायची. मला काय, मी भिंत खाऊन राहीन."

कान फुटतो हे मीही ऐकलेलं होतं. आमच्या वाडीत एका पोराचा कान बारमाही वाहायचा आणि सगळे त्याच्या बापाला बोलायचे, की बायकोला साधा फणस आणून दिला नाही मेल्यानं. मी शोधायला लागलो.

आधी ती नदीकाठची टपरी. तिथल्या माशाला पावाचा चुरा लावलेला आणि बरोबर थंडगार बटाट्याची कोशिंबीर. मग स्टेशनजवळचं एक दुकान. तिथं बटाटे चांगले होते, पण त्यांच्यावर पांढरं मलम थापून दिलं. मी म्हटलं, हे काय? तर म्हणे अंड्याचं. मी ते बोटानं पुसून काढलं, तर मागच्या रांगेतले लोक माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी देवाची मूर्ती पुसली. प्रत्येक ठिकाणी माझा एकच प्रश्न, कशात तळलाय? तोवर मला तेवढं जर्मन आलं होतं. कुणी म्हणे तेल, कुणी म्हणे डुकराची चरबी, कुणी म्हणे तुम्हाला काय करायचंय. जे तेल म्हणायचे त्यांच्यावर माझा जास्त संशय.

घरी प्रत्येक पुडी उघडायची. बायको वास घ्यायची आणि मान हलवायची. "हा तो नव्हे."

आमची घरमालकीण खालच्या मजल्यावर राहायची. आमच्या फोडणीला वैतागलेली बाई. जिन्यात भेटली की नाक धरायची. एक दिवस तिनं मला रोज पुड्या का आणतोस म्हणून अडवलं. मी मोडक्या भाषेत सांगितलं, बायको पोटुशी आहे, तिला इंग्रजी मासा पाहिजे. मला वाटलं हसेल. तिनं नाकावरचा हात काढला. म्हणाली, "आल्झो, मग इंग्रजी मासा इंग्रजांकडेच मिळणार. ट्रामच्या शेवटच्या थांब्यापुढे त्यांच्या फौजेच्या लोकांची घरं आहेत. शुक्रवारी गाडी येते. आम्ही युद्ध हरलो त्याची मेहेरबानी." आणि जमिनीवर थुंकल्यासारखं केलं.

मला वाटलं, ही बाई मला कुठंतरी पकडून द्यायला बघते आहे. परदेशी माणूस, काळा, फौजेच्या वस्तीत. तरी गेलो. भट्टीची पाळी संपवून, अंगावर तोच कोट.

गाडी खरंच होती. हिरव्या रंगाची, बाजूला फळी उघडलेली, आत कढईमागं एक जाडा इंग्रज. पुढे बायका आणि पोरांची रांग. वास आला आणि माझे पाय थांबले. तोच वास. कोपऱ्यावरच्या दुकानाचा. मी रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढची बाई पोराला घेऊन जरा पुढे सरकली.

माझी पाळी आल्यावर जाड्यानं विचारलं, "तू कोण?"

"गिऱ्हाईक."

"हे फक्त फौजेच्या घरच्यांसाठी आहे. तुला इथं कुणी पाठवलं?"

"घरमालकिणीनं."

"कुठली घरमालकीण? नाव काय? इथं काय बघायला आलास?"

त्या काळी सगळ्यांना सगळीकडे हेर दिसायचे. मी त्याच्यावर संशय घेत होतो, तो माझ्यावर. बरोबरीत होतो. मला फार इंग्रजी येत नाही, जहाजावरची आणि कारखान्यातली तेवढी. बायको पोटुशी वगैरे सांगायचं सुचलं नाही. मी नेहमी दुकानात म्हणायचो तेच तोंडातून निघालं, "एक मासा, बटाटे, आणि वर स्क्रॅप्स टाक."

स्क्रॅप्स म्हणजे कढईत पडून तळलेले पिठाचे कण. आपल्या भजीवाल्याकडे चुरा मिळतो ना, तसे. उत्तरेकडच्या दुकानात ते मागितले की फुकट मिळायचे. बायकोला फार आवडायचे.

जाड्याचा झारा हातातच राहिला. "काय म्हणालास?"

"स्क्रॅप्स."

"हे तुला कुठं शिकवलं?"

मी बंदराचं नाव सांगितलं. तो मोठ्यानं हसला. त्याच बाजूचा निघाला. रांगेतल्या बायकांना ओरडून म्हणाला, "ऐकलं का? तुमच्या दक्षिणेकडच्या साहेबांना जे माहीत नाही ते या माणसाला माहीत आहे!" आणि फडक्यातून मोठा मासा काढून पिठात बुडवला.

मासा तळेपर्यंत मी उभा होतो. कढईतलं कमी झालं म्हणून त्यानं खालून एक ठोकळा काढला. पांढरा, साबणासारखा. सुरीनं अर्धा कापून कढईत सोडला. तो हळूहळू विरघळला. आणि वास वाढला. माझा आवडता वास.

मी विचारलं, "ते काय आहे?"

"चरबी," तो छाती काढून म्हणाला. "गाईबैलांची. अस्सल. तेलात तळतात ते मासेवालेच नव्हेत. आपल्याकडे कुणी तेलात तळेल का?"

आपल्याकडे म्हणाला. मी मान हलवली. ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नसेल.

ट्राममध्ये मी पुडी कोटाच्या आत धरून बसलो. पोटाला ऊब लागत होती. जर्मनीभर डुक्कर शोधत फिरलो आणि इंग्लंडात वर्षानुवर्षं गाय खाल्ली. बोटं चाटून खाल्ली. नदीवरच्या पुलावर वाटलं, उतरावं आणि पुडी टाकून द्यावी खाली. सांगावं, गाडी आली नव्हती. पण डॉक्टरनं मारलेली ती काट डोळ्यांपुढे होती. आणि न सांगता तिच्या तोंडात घालणं मला जमणारं नव्हतं. मी काही मनात ठेवू शकत नाही, हे ती सगळ्यांना सांगायची.

घरी ती पलंगावर बसली होती. मी कोट उघडायच्या आधीच तिनं मान वर केली. वास पोचला होता.

मी पुडी तिच्यापुढे ठेवली आणि पुडीवर हात धरला. "आधी ऐक. यात गाय आहे. चरबी. मी डोळ्यानं बघितली. तिथंही तेच असणार. आता तू ठरव."

तिनं पुडीचं टोक धरून ओढलं. मग म्हणाली, "हात काढा."

"ऐकलंस का मी काय म्हटलं?"

"ऐकलं. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तिथं ठोकळे मीच मोजून ठेवायची. बटाटे सोलून झाले की. हात काढा, गार होतंय."

मी हात काढला. तिनं कागद उघडला, माशाचं कवच मोडलं. कुरकुरलं. तिनं खाल्लं. मी समोर बसून तिच्या गळ्याकडे बघत होतो, आता उलटते की मग. उलटलं नाही. बटाटे खाल्ले. बोटाला लागलेलं व्हिनेगर चोखलं. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर रंग आला.

मी म्हटलं, "इतकी वर्षं माहीत होतं, आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सोडलं असतंत."

"मग? सोडायलाच पाहिजे होतं!"

"तुम्ही आठवडाभर कुणाशी धड बोलायचा नाहीत," ती म्हणाली. "त्या एका जेवणाला हसायचात. ते कशाला मोडू? पाप लागलं तर मला लागेल म्हटलं. मी खाल्लं जाणून, तुम्ही न जाणता."

मला राग आला होता. अजूनही येतो. तिनं कागदाच्या तळाशी राहिलेले पिठाचे कण गोळा करून माझ्याकडे सरकवले. तिथं सरकवायची तसेच. तिला एवढे आवडणारे, पण शेवटचे नेहमी मला.

"आता तर मला माहीत आहे," मी म्हटलं.

"मग नका खाऊ."

मी खाल्ले.

त्यानंतर तिच्या पोटात अन्न ठरायला लागलं. शुक्रवारी मी त्या गाडीपाशी उभा. मुलगी झाली. मी तिचे कान मोठी होईपर्यंत तपासायचो. वाहिले नाहीत. ती मराठीत विचारलेल्याला जर्मनमध्ये उत्तर देते, पण ऐकू स्वच्छ येतं.

आता शेवटचं लिहितो. ती जायच्या आधीच्या हिवाळ्यात बायकोनं मुलीला सांगितलं, दर शुक्रवारी शहरातून इंग्रजी मासा आणत जा, तुझ्या बाबांना आवडतो. मला संशय आला. इतक्या वर्षांनी हे काय? ती स्वतः दोन घास खायची आणि बाकीचं माझ्याकडे सरकवायची. मी म्हटलं, तू का खात नाहीस? म्हणाली, वय झालं, तळलेलं सोसत नाही. आणि मला काहीबाही जुनं सांगून हसवायची. जाड्या इंग्रजाचं, घरमालकिणीच्या नाकाचं. मी हसत जेवायचो.

ती गेल्यावर डॉक्टरीणबाई सहज म्हणाल्या, तुमच्या बायकोला तर आपल्या दुखण्याचं हिवाळ्यापासून माहीत होतं. मुलीला विचारलं, तुला माहीत होतं? ती खिडकीबाहेर बघायला लागली. "या, पापा," म्हणाली. जर्मनमध्ये या म्हणजे हो.

मला सांगायला पाहिजे होतं. त्या ठोकळ्यांचंही, आणि याचंही. हे मी तिच्या फोटोपुढे रोज म्हणतो. तिचं उत्तर मला पाठ आहे.

मुलगी अजून शुक्रवारी मासा आणते. मी कागद उघडून बघतो, ताजा आहे का विचारतो, कितीला दिला विचारतो, दुकानवाल्यानं फसवलं असं म्हणतो. कशात तळलाय ते विचारत नाही. मुलीच्या तोंडाकडे मात्र नीट बघतो. शेवटी आईचीच आहे ती.