दोन-दोन चमचे पाणी

पाचवीत विज्ञानाच्या बाईंनी आम्हाला मेथीचा प्रयोग दिला. दोन भांड्यांत मेथी पेरून एक वर्गाच्या खिडकीत ठेवायचं, एक कपाटात. "फरक फक्त उजेडाचा. भांडं, माती, बिया, पाणी, सगळं सेम टू सेम," त्या म्हणाल्या.

मिल बंद झाल्यापासून बाबा घरीच होते. त्यांनी तेलाचे दोन रिकामे डबे एकाच मापाने कापून कडा घासून दिल्या. शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने मात्र दोन नवे पारदर्शक ग्लास आणले. तिचे पप्पा पीथमपूरच्या नव्या कंपनीत लागले होते. तिच्या ग्लासांतून मुळं दिसायची, म्हणून सगळा वर्ग तिच्याभोवती जमायचा.

मला ते सहन होईना. दोन दिवस मधल्या सुट्टीत मी तिच्या खिडकीतल्या ग्लासात गुपचूप पाणी ओतलं. मेथी कुजली.

"काय सेम ठेवलं नाहीस?" बाईंनी तिला विचारलं.

"मी तर दोन्हींना दोन-दोन चम्मचच पाणी घातलं मॅडम, सच्ची."

ती रडवेली होऊन जागेवर आली. माझे डबे बघून म्हणाली, "किती बरोबर कापलेत तुझ्या बाबांनी. माझे पप्पा तर फक्त संडेलाच दिसतात."

मी उठून बाईंना खरं सांगितलं. त्यांनी तिला प्रयोग नव्याने करायला लावला. ती दुसऱ्या बाकावर बसायला गेली. तिथे तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलीचा मला वर्षभर राग येत राहिला.