साडेपाचचं गार पाणी

मजूर संघटनेच्या पत्रकांच्या घड्या घालतच मी बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात लहानाचा मोठा झालो. मजुरांच्या बाजूने चार पत्रकं मी स्वतःही लिहिली. पोटासाठी मात्र कारखान्यांत पाणी तापवायचे मोठे हीटर बसवतो.

गेल्या हिवाळ्यात कापड रंगवायच्या एका कारखान्यात असाच हीटर बसवला. साडेपाचला पाळी सुटली की कामगार त्याच टाकीतून बादल्या भरून अंघोळ करत. हातांचा निळा रंग गार पाण्याने निघत नाही, आणि तसल्या हातांनी घरी लेकरांना कोण भरवणार? शेठ म्हणाले, "हे लाड बंद करा." काम हातचं जाईल म्हणून मी वाद घातला नाही. चारनंतर तापमान साठ अंशांवरून पंचवीसवर यावं, म्हणजे पाळी सुटेपर्यंत टाकी गार होईल, असं यंत्रात भरून दिलं.

पंधरा दिवसांनी तपासणीला गेलो, तर माझी पत्रकं वाटणारे एक काका हात पुसत आले.

"बेटा, तुझ्या मशीनला रोज साडेपाचला थंडी वाजते. बघ ना जरा. शेठला नको सांगू, म्हणेल आम्हीच बिघडवली."

मी झाकण उघडलं, दोन-चार बटणं उगाच दाबली आणि म्हणालो, "पार्ट मागवावा लागेल, काका."

"काही हरकत नाही." मग ते मागे वळून बाकीच्यांना म्हणाले, "आपलाच पोरगा आहे, करेल."

ते सगळे गार पाण्यात हात चोळत राहिले. सेटिंग बदलायला मला एक मिनिटही लागलं नसतं. मी बॅग उचलली आणि शेठची सही घ्यायला ऑफिसात गेलो.