धाबं उतरवलं तेव्हा

तोतारामभाऊंनी घर दुरुस्त केलं ते बायकोसाठी, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारपणी हौस सुचली. हौस कसली? धुळ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करून माणूस पाठीतून वाकला होता. तिथेच भाड्याच्या एका खोलीत नवरा-बायको राहत. द्रौपदाअक्काचे डोळे काचबिंदूने गेले, तेव्हापासून त्या खोलीत तिला खाट, माठ आणि दार एवढंच सापडायचं. संडासला जायचं तरी नवऱ्याचा हात धरून. त्याची तिला फार लाज वाटे.

आमचं गाव पाचोऱ्याजवळ. त्यांचं दोन खोल्यांचं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं घर माझ्या घराला लागून. दिवाळीला ती यायची तेव्हाची गोष्ट मी स्वतः पाहिलेली आहे. उंबरठ्याशी आली की ती नवऱ्याचा हात सोडायची. मधल्या धारणेला, म्हणजे छत पेलणाऱ्या लाकडी खांबाला, तळवा लावायची. तिथून वळून थेट चुलीपुढे बसायची आणि कोनाड्यातली काडेपेटी काढून माझ्यासाठी चहा टाकायची. मी उठायला लागले तर मलाच रागवायची. "कुंदा, तू बस. आठे माले डोया लागतस नही," म्हणायची. जिथे डोळे लागत नाहीत त्या या घरातच तिला कायमचं यायचं होतं. दुसरं काही तिने कधी मागितलंच नाही.

पण घर राहण्यासारखं उरलं नव्हतं. धाब्यावर दरवर्षी पावसाआधी खारी माती टाकावी लागते, तेव्हा पाणी आत उतरत नाही. हे दोघं धुळ्याला, माती टाकणार कोण? छत गळून गळून भिंतीला ओघळ पडलेले, धारण वाळवीने पोखरलेली. भाऊंनी ठरवलं, अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आत घर नीट करायचं आणि अक्काला आणायचं. धुळ्याची खोली सोडली, तिचं डिपॉझिट दुरुस्तीला घेतलं आणि एकटेच इथे आले. तेवढे दिवस अक्काला चाळीतल्या शेजारणीकडे ठेवलं.

आधी त्यांना होतं तसंच करायचं होतं. पण खाऱ्या मातीच्या जागेवर आता प्लॉट पडलेत. मातीकाम येणारी माणसं रावेरकडे केळीच्या गाड्या भरायला जातात, आणि जे गावात आहेत ते सिमेंटवाल्या मिस्त्रीपेक्षा जास्त मागतात. मातीचं घर मातीनेच दुरुस्त करणं गरिबाला परवडत नाही, असा हा काळ. ऐकून माझं डोकंच फिरलं होतं. शेवटी भाऊंनी धाबं उतरवलं. धारण काढली. लोखंडी पाइपांवर कुणाचे तरी जुने पत्रे चढवले. दार भंगारातून आणलं, ते बाहेरच्या बाजूला उघडणारं निघालं. ठिकठिकाणची उरलेली फरशी जमवून जमीन केली, त्यात उंबरठा गेला. चुलीची भिंत ओलीने फुगली होती, ती पाडून पलीकडे उभा ओटा बांधला. "आता तिले खाले बसनं पडाव नही," असं ते मला मोठ्या कौतुकाने सांगत. विटा स्वतः डोक्यावर वाहिल्या त्या वाकल्या पाठीच्या माणसाने. गावातले आम्ही सगळे डोळस लोक येऊन वा वा करून जात होतो.

अक्का फोनवर रोज विचारायची, गळणं बंद झालं का. भाऊ सांगायचे, झालं. त्यात खोटं काहीच नव्हतं.

अखजीच्या आदल्या दिवशी भाऊ तिला घेऊन आले, रिक्षा दारात थांबली. अक्का नवं लुगडं नेसून उतरली. दाराशी पोहोचताच तिने सवयीने नवऱ्याचा हात सोडला आणि उंबरठ्यासाठी पाय उंच उचलला. उंबरठा नव्हताच. पाय अधांतरी जाऊन ती पुढे कोलमडली, भाऊंनी सावरलं. मग तिने धारणेसाठी हात पुढे केला. हात फिरवत फिरवत ती खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीवर जाऊन थडकली. भिंतीवरून तळवा फिरवला. सिमेंट होतं. भाऊंचं तोंड मला बघवेना.

"हाई कोनं घर शे?" तिने विचारलं.

भाऊ तिला हाताला धरून सगळीकडे फिरवू लागले. हा ओटा, हा नळ, हे कपाट. ती हात लावत गेली. रागावली नाही, रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. फिरून झाल्यावर खाटेवर बसली आणि म्हणाली, "आठे माले काहीच सापडस नही. धुयाले निदान दार तरी सापडे. माले तठे लई चाला."

भाऊ म्हणाले, अखजी होऊ दे, मग धुळ्याला जाऊ.

अखजी झाली. लेकीबाळी झोके खेळून सासरी परतल्या. भाऊंनी तिला नवं घर शिकवायचं खूप मनावर घेतलं. खाटेपासून मोरीपर्यंत दोर बांधला, ओट्याच्या कडेला चिंधी बांधली. ती त्यातल्या कशालाच हात लावत नाही. पाणी हवं तरी हाक मारते. कपड्यांचं गाठोडं अजून सोडलेलं नाही, ते मांडीवर घेऊन बसते. मी चहा घेऊन गेले की विचारते, "कव्हय जानं शे, तुले काही सांगं का त्यासनी?"

काल भाऊ बाहेर ओसरीत एकटेच बसलेले दिसले. अक्का इकडे आल्यावर धुळ्याच्या त्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलंय, हे मला ठाऊक होतं; तिला मात्र ती अजून रिकामीच वाटत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, भाऊ, रोज आज-उद्या करून तिला वाट बघायला लावून का फसवता? एकदा सांगून टाका की आता जायला जागाच नाही.



"सांगसू," ते म्हणाले. "पन मंग ती कसानी वाट देखी?"