कानातल्या नाचणाऱ्या

आमच्या व्याह्यांइतका आवाजाला भिणारा माणूस देवानं दुसरा घडवला नसेल. दोन्ही घरं नोकरीपायी जयपुरात आलेली. आमचे हे लष्करात, व्याही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. लेकीच्या लग्नाची बोलणी करायला आले तेव्हा मी दारातून "या, बसा" म्हटलं, तर गृहस्थांनी कानांवर हातच ठेवले. "विहीणबाई, हळू. आत नाजूक पेशी असतात. एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत." मी साताऱ्याकडची, चौथी पास. आमच्याकडे या बांधावरून त्या बांधावर बोलायची सवय. म्हटलं, "माझ्या बोलण्यानं आजवर कोणी मेलेलं नाही."

त्यांच्या घरी खुर्च्यांच्या पायांना जुने मोजे घातलेले, भांड्यांखाली फडकी. कुकरची शिटी व्हायच्या आत ते धावत जाऊन गॅस बंद करायचे, म्हणून त्यांच्याकडची डाळ कायम अर्धीकच्ची. गल्लीत वरात आली की व्याही बँडवाल्यांना कापसाचे बोळे वाटत. एकदा त्या बिचाऱ्यांना वाटलं, अत्तराचे फाये आहेत. "बाबूजी, इसमें इत्र तो है ही नहीं," असं म्हणत त्यांनी ते कानात घातले, आणि स्वतःचं वाजवणं ऐकू येईना म्हणून दुप्पट जोरानं वाजवलं.

एका संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. व्याही लेकीला सोडायला म्हणून आले आणि बायकांना कान शिकवायला लागले. तीन ओळी उभ्या केल्या, एक बसवली, सगळ्यांना हात वर करायला लावले. "हे हात म्हणजे पेशीवरचे केस. आवाजाची लाट आली की ते कलतात. मग बसलेल्या ओळीनं मेंदूला बातमी द्यायची. पण बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून उभ्या ओळींनी नाचायचं. त्यांच्या नाचानं लाट मोठी होते. परदेशात आत्ताच सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना नाचताना पाहिलंय!" बायका पदर खोचून नाचल्या. मला बातमीवाल्यांत बसवलं. माणसाची पारख होती त्यांना.

पुढे नात झाली. आता घरात बोलणं म्हणजे कुजबूज. अंगाईसुद्धा ओठातल्या ओठात. पोर वर्षाची होऊन गेली तरी तोंडातून एक शब्द नाही. लेक म्हणायची, "शांत आहे गं, आजोबांवर गेलीय." मला ते पटेना. आजोबा शांत कुठे होते? दिवसभर हळू बोला म्हणून बोलतच असायचे.

त्या वर्षीची संक्रांत आमच्या गच्चीवर. जयपूरची संक्रांत म्हणजे घराघरावर पतंग, लाउडस्पीकर आणि कुणाचा पतंग कापला की "वो काटा"ची आरोळी. व्याही डोक्याला रजई गुंडाळून बसलेले. नातीच्या मागून ते हळूच म्हणाले, "तिळगूळ घे, बाळ." पोर पतंगाकडेच बघतेय. मी जिन्यातून ओरडले, "अगं ए भवाने, तिळगूळ घे की!" ती गर्रकन वळली, खुदकन हसली आणि दोन्ही हात पुढे केले.

व्याह्यांच्या डोक्यावरची रजई खाली पडली. ते पुन्हा मागून कुजबुजले. काही नाही. मी पुन्हा ओरडले. वळली. ते कठड्याला टेकून म्हणाले, "बसलेल्या शाबूत दिसतात, विहीणबाई. नाचणाऱ्याच गळाल्यात. आणि मी घरभर कुजबूज भरून ठेवली. तिला तिचं घरच ऐकू आलं नाही."

मी म्हटलं, "रडायचं नंतर. उद्या डॉक्टरकडे न्या. तोवर ओरडा."

"मला येत नाही ओरडता."

खरंच येत नव्हतं. म्हटलं, म्हणा, वो काटा! पहिल्यांदा शेळीसारखा आवाज निघाला. पोर खदखदून हसली. मग मात्र त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या गच्चीवरचा भैया मांजा सोडून बघत राहिला.

डॉक्टरांनी त्यांचंच म्हणणं खरं ठरवलं. पोरीला यंत्र मिळालं. छातीवरच्या खिशात डबी, कानाला तार. नाचणाऱ्यांचं काम ते यंत्र थोडंफार करायचं, उरलेलं व्याही करायचे. दिवसभर खणखणीत आवाजात तिला कावळा, बादली, उंट. गल्लीतून तक्रारी यायला लागल्या. पोरीचा पहिला शब्द "काटा".

व्याही जाऊन बरीच वर्षं झाली. खुर्च्यांचे मोजे निघाले, कुकरच्या शिट्ट्या पूर्ण होतात, डाळ लोण्यासारखी शिजते. तरी तिकडे जेवायला गेले की मी लेकीला म्हणते, "आज शिटीच्या आधी बंद कर गं."