कोपराखालचा हात

खांद्यात चरबी साठली आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर मी तूप सोडलं, हा माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मूर्खपणा. तूप सोडलं, दाण्याचं कूट सोडलं, नवरात्र नुसत्या ताकावर काढायचं ठरवलं आणि देवीला बजावलं की बाई, आता ही चरबी उतरवणं तुझ्याकडे लागलं. तेव्हा मी अठ्ठावन्न वर्षांची, म्हणजे आताच्या मानाने अगदीच पोर. पोरीला असावा तेवढा ताठा होता आणि अक्कलही तेवढीच.

डॉक्टर बिचारे नीट बोलले होते. पनवेलला तपासणीचे फोटो उजेडासमोर धरून त्यांनी दाखवलं, की हात वर उचलणारी खांद्यातली दोरी तुटली आहे. तिला जोडलेल्या स्नायूला ओढायला काही उरलं नाही, म्हणून तो सुकत चालला आहे आणि त्याच्या जागी चरबी भरते आहे. "आजी, ही चरबी खाण्यातून आलेली नाही, आणि तिचं पुन्हा मांस होत नाही. अजून स्नायू बराच शिल्लक आहे, तोवर दोरी शिवून घेऊ. उशीर केलात तर शिवलेलं धरणार नाही. हात कायमचा खाली राहील." मी मान डोलावली, पण कानात शिरला तो एकच शब्द, चरबी. आमचे हे बरोबर होते, त्यांना ऐकू कमी यायचं, ते माझ्या पथ्यावर पडलं. घरी येऊन सुनेला सांगितलं, "वजन कमी करायला सांगितलंय."

खोटं बोलायचं कारण त्याच्या मागच्या वर्षातलं. गौरी आल्या त्या दिवशी आमच्या अंगणात बायकांनी फेर धरला होता. विहीणबाई, म्हणजे सुनेच्या आई, कर्जतहून आल्या होत्या. वयाने माझ्याएवढ्याच, पण बारीक, काटक, भिंगरीसारख्या. फुगडीला हात पुढे करून म्हणाल्या, "या की विहीणबाई. का दम नाय राह्यला?" झालं, मी पदर खोचला. माहेरी सारवलेल्या अंगणात मला फुगडीत हरवील अशी पोरगी नव्हती. आई ओट्यावरून म्हणायची, "पुरे गं, भुईला घेरी येईल." त्या ओल्या शेणाचा वास, एकमेकींवर आपटणाऱ्या काचेच्या बांगड्या, थांबल्यावरही फिरत राहणारं ते आभाळ, सगळं एकदम अंगात आलं. हातात हात घेतले आणि मी बारा वर्षांची झाले. पाय मात्र अठ्ठावन्नाचे नसले तरी सत्तावन्नाचे होतेच. ते घसरले, हात सुटले, मी उजव्या खांद्यावर आपटले. आत जुनं कापड फाटावं तसं काहीतरी टरकलं. मी हसत उठले. "निऱ्या पायात आल्या," म्हटलं. विहिणीपुढे हरायचं कसं? मग वर्षभर डाव्या हाताने केस विंचरले, वरच्या फळीवरचे डबे खाली आणले, आणि कुणी विचारलंच तर उशीला दोष दिला.

त्या ताकाच्या नवरात्रात विहीणबाई ओटी भरायला आल्या. देवीचं देऊळ टेकडीवर आहे, पायऱ्या चढून गेलं की समोर माथेरानचा डोंगर दिसतो. मूर्ती उंच चौथऱ्यावर, आणि बायका स्वतः पुढे होऊन देवीला कुंकू लावतात. अर्थात उजव्या हाताने. डावा हात देवीला लावायचा नाही, हे मला पाळण्यापासून शिकवलेलं. मी चिमूट घेतली, हात उचलला, तो छातीपाशी अडला. खांदा कानाला टेकवला, टाचा उंचावल्या, अंग वाकडं केलं. मागे रांग खोळंबली, शेजारी विहीणबाई उभ्या. हात लटलटला आणि बरंचसं कुंकू माझ्याच पातळावर सांडलं. एवढे दिवस देवीशी मी मोठ्या अधिकाराने बोलत होते. तेव्हा मात्र वाटलं, तिला मी नकोच आहे.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या कोपराखाली हात घातला. डोंगरातल्या कुठल्याशा वाडीवरची बाई, कडेवर मूल. "ढिला सोड गं बाय," एवढंच म्हणाली. मी सोडला. फुगडीनंतर पहिल्यांदाच तो हात मी दुसऱ्याच्या हवाली केला, आणि तो वर गेला. दुखला, पण गेला, थेट देवीच्या कपाळापर्यंत. बोटाला उरलेलं कुंकू तिथे टेकलं. मी डोळे पुसून वळेपर्यंत ती बाई गर्दीत मिसळली होती. पायऱ्यांवर शोधलं, पुढे कितीतरी बाजारांत बायकांची तोंडं न्याहाळली, पुन्हा दिसली नाही. ती देवीच होती असं मी म्हणत नाही. कडेवरचं मूल शेंबडं होतं. पण देवीचं मूल शेंबडं नसतं, असं तरी मी कुठे ऐकलंय?

पायऱ्या उतरताना माझी मलाच लाज वाटली. देवीला मी कामं सांगत होते. तिने डॉक्टरांच्या तोंडून सांगितलेलं मात्र ऐकत नव्हते. घरी येऊन वरणभातावर तुपाची धार घेतली आणि मुलाला म्हटलं, पनवेलला चल. डॉक्टर म्हणाले, थोडक्यात वेळेत आलात. दोरी शिवली गेली. भरलेली चरबी होती तिथेच राहिली, आणि आज माझा हात माझ्या कपाळापर्यंत जातो, त्याच्या वर नाही. देवीचं कपाळ वर आहे. म्हणून दर नवरात्रात मागे जी कोणी उभी असेल तिला म्हणते, बाई, जरा कोपर धर. नाही म्हणणारी अजून भेटलेली नाही. सगळं आपल्याच जोरावर करायच्या हट्टात मी किती हात नाकारले असतील, देव जाणे.

ऑपरेशननंतर हात झोळीत होता. सून कुंभिवलीला कारखान्यात कामाला जायची, म्हणून लेकीच्या सासरी मुक्काम करू नये हा रिवाज गुंडाळून विहीणबाई आमच्याकडे राहायला आल्या. आता त्या नाहीत, पण सकाळी कंगवा हातात घेतला की आठवतात. रोज मला ओसरीवर बसवून माझी वेणी घालायच्या. एकदा त्या पाठीमागे आहेत, तोंड दिसत नाही, एवढ्या धीरावर मी सांगून टाकलं, की खांदा उशीने गेला नाही, तुमच्याबरोबरच्या फुगडीत गेला, आणि तुमच्यापुढे हरायचं नव्हतं म्हणून वर्षभर लपवला. त्यांचा कंगवा थांबला नाही.

"ठावं हाय मला. तुमी पडलात तवाच तुमचं तोंड पाह्यलं व्हतं. आता मान सरळ धरा, भांग वाकडा जातोय."