ट्रक तयार होईपर्यंत

माझा मामा बोटीवर नोकरीला होता. नव्वद सालानंतर दोन-चार वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा त्याने आमच्या डोंबिवलीच्या घरात एक खोकं आणून टाकलं आणि म्हणाला, "मोडलाय. जमला तर चालव, नाहीतर भंगारात दे." आत रिमोटवर चालणारा ट्रक होता. खेळण्यातला म्हणावा तर त्याला खरं इंजिन होतं, मुठीएवढं, दोरी ओढून सुरू करायचं. चाकं आमटीच्या वाडग्यापेक्षा मोठी. कुणा परदेशी पोराने तो भिंतीवर घातला असावा. खालची पट्टी वाकली होती, क्लच झिजला होता, आणि माहितीपुस्तक नव्हतं.

मला यंत्रातलं काडीचं कळत नव्हतं. मी तेवीस वर्षांचा, बी.कॉम., एका ऑफिसात जावक बारनिशीवर बसणारा, आणि घरात सगळ्यांना शहाणपण शिकवणारा. पहिल्याच दिवशी मी ट्रकच्या टाकीत शेजाऱ्यांच्या स्कूटरचं पेट्रोल ऑइल मिसळून भरलं. इंजिन हूं की चूं करेना, आणि टाकीची मऊ नळी फुगून गळायला लागली. तेव्हा मला तो आठवला.

तो म्हणजे शाळेत माझ्या बाकावर बसणारा मुलगा. खाडीकडच्या गावातल्या आगरी घरातला. दहावीनंतर त्याने आयटीआय केलं आणि आता एमआयडीसीत एका छोट्या शेडमध्ये लेथ चालवायचा. शाळेत मी त्याच्या बोलण्याची नक्कल करून वर्गाला हसवायचो. तोही हसायचा. म्हणूनच मी इतक्या वर्षांनी निर्लज्जपणे त्याच्याकडे जाऊ शकलो.

त्याने नळी बोटात धरली, वास घेतला आणि म्हणाला, "अरे, ही गाडी पेट्रोलवर नाय चालत. मेथेनॉल लागतं हिला. तुला बी.कॉम. कुणी केला रं?"

पुढच्या रविवारी तो आमच्याकडे आला. बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र पसरलं आणि ट्रक पूर्ण उघडला. मग आठ महिने तो दर रविवारी येत राहिला. मेथेनॉल त्याने केमिकल कंपनीतल्या ओळखीतून आणलं, त्यात वंगण म्हणून घालायचं एरंडेल मी वाण्याकडून, आणि नायट्रो नावाचं काहीतरी एका औषधाच्या बाटलीतून, फार थोडं, हुंगूही न देता. वाकलेल्या पट्टीच्या जागी जाड अॅल्युमिनियमची पट्टी कापली. क्लचला स्कूटरच्या ब्रेक लायनरचे तुकडे घासून बसवले. शॉकअपमध्ये तेल घालायची वेळ आली तेव्हा मी घरातलं खोबरेल पुढे केलं. चार दिवसांनी थंडी पडली, खोबरेल गोठलं आणि चारही शॉकअप जागच्या जागी ताठ. तो पोट धरून हसला. आतून माझी बहीणही हसली.

इथे मला बहिणीबद्दल सांगायला हवं. ती माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. आधी ती चहा ठेवून आत जायची. मग दाराशी उभी राहायला लागली. मग खाली बसून कुठला गिअर कुठे बसतो ते विचारायला लागली. तो तिच्याशी बोलताना मान वर करायचा नाही, सगळी उत्तरं त्या गिअरलाच द्यायचा. पण येताना आता त्याने नखांतलं काळं काढलेलं असायचं. मला दोनच रविवारांत कळलं. आईला त्याआधीच कळलं असणार. ती म्हणाली, "तुझं ते खेळणं लवकर आटप आणि त्याला वाटेला लाव."

मी आटपलं नाही. उलट कामं वाढवत गेलो. वेग वाढव म्हटलं, तर त्याने नवीन गिअर कापून आणला. चाकांचे हब प्लॅस्टिकचे आहेत म्हटलं, तर लेथवर धातूचे काढले. जेवणाच्या सुट्टीत मालकाची नजर चुकवून करायचा हे सगळं. तो कशासाठी राबतोय हे मला नीट ठाऊक होतं आणि त्याला काय मिळणार आहे हेही. आमच्या घरात त्याला काहीही मिळणार नव्हतं. मी ते कधी बोललो नाही. हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. एकदा त्याने विचारलं, "तुज्या घरी माझ्याबद्दल काय म्हणतात रं?" मी म्हणालो, "चांगलंच म्हणतात." त्या आठवड्यात त्याने दोन रात्री जागून क्लचची घंटी, म्हणजे त्याच्यावर बसणारी वाटी, नवीन करून आणली.

मग नाशिकचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, घर स्वतःचं, आपल्यातले. बघून गेले आणि त्यांची पसंती आली. त्या संध्याकाळी बहीण गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा, रविवारी येतात ना, त्यांना सांग, काय बोलायचं असेल तर आत्ता बोला म्हणावं. नंतर उपयोग नाही. ते बोलले तर मी बाबांसमोर उभी राहीन."

मी म्हणालो, "सांगतो."

सांगणार होतो. शपथेवर सांगेन, सांगणार होतो. पण त्या रविवारी त्याने गिअरबॉक्स उघडला होता. वर्तमानपत्रावर लहानमोठे तुकडे मांडलेले, कुठला कुठे जातो हे फक्त त्यालाच ठाऊक. मी मनात हिशोब केला. आता सांगितलं तर हा उठून सरळ बाबांसमोर जाईल, बाबा त्याला जिना दाखवतील, आणि माझा ट्रक असाच तुकड्यांत पडून राहील. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी गिअरबॉक्स बंद झाला, पण इंजिन बसायचं होतं.

ते दोन्ही रविवार तो आला, चहा प्यायला, गिअरबद्दल बोलला आणि गेला. बहीण दाराशी उभी होती. निरोप पोचलाय आणि हे त्याचं उत्तर आहे, असं तिने धरलं. दुसऱ्या रविवारी रात्री तिने आईला होकार दिला आणि पुढच्या आठवड्यापासून ती बाहेर येईनाशी झाली. मी हे सगळं पाहत होतो. मला वाईट वाटलं नाही. सुटल्यासारखं वाटलं, आता कुणाला काही सांगायची गरजच उरली नाही म्हणून.

साखरपुडा नाशिकला एका रविवारी ठरला. त्याला मी सांगितलं, "या रविवारी येऊ नकोस, आम्ही सगळे टिटवाळ्याला दर्शनाला जातोय." शनिवारी संध्याकाळी तो नारळ घेऊन दारात. टिटवाळ्याचा गणपती लग्नं जमवतो अशी आमच्याकडे श्रद्धा आहे, त्यामुळे त्याचे कान लाल झाले होते. "गाडीसाठी," तो म्हणाला. "एका ओढीत चालू होऊ दे म्हणून सांग." नारळ सोललेला, शेंडी राखलेला, निवडून आणलेला. आईने तो नाशिकच्या पिशवीत टाकला. तिथे मुलाच्या हातात नारळ द्यायची वेळ आली तेव्हा तिने हाताला लागला तो काढला. तोच होता. मी ओळखला आणि मला हसू आलं. खोटं कशाला सांगू, हसू आलं.

ट्रायल दसऱ्याच्या सकाळी ठेवली, रेती बंदराजवळच्या मोकळ्या मैदानात. बिल्डिंगमधली पंधरा-वीस माणसं आली होती. मला आवाज मोठा हवा होता, म्हणून मी आदल्या दिवशी त्याच्याकडून हवेच्या तोंडावरचा, धूळ अडवणारा स्पंज काढून घेतला होता. तो नको म्हणत होता. मग मैदानावर त्याने रीतीप्रमाणे ट्रकची पूजा केली. झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, आणि बॉनेटवर हळदकुंकवाच्या भरघोस चिमट्या. बॉनेटला मधोमध भोक होतं आणि त्याखाली कार्बोरेटरचं उघडं तोंड. दोरी ओढली, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. आख्खं हळदकुंकू आत गेलं होतं. लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "सवाष्ण आहे वाटतं तुमची गाडी!"

तो रेतीवर मांडी घालून बसला. कार्बोरेटर काढला, रुमालावर उघडला, मेथेनॉलने एकेक भोक धुवायला लागला. मध्येच मान वर करून रस्त्याकडे बघायचा. शेवटी विचारलंच, "ती येनार हाय ना?"

बहीण साड्या घ्यायला आत्याकडे ठाण्याला गेली होती. कार्बोरेटर रुमालावर सुटा पडला होता.

"निघालीय," मी म्हणालो. "तू लाव पटकन."

त्याने अर्ध्या तासात लावलं. एका ओढीत सुरू झालं. असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. ट्रक रेतीवरून सुसाट गेला, उंचवट्यावरून उडाला, चार चाकांवर पडला आणि पुन्हा पळाला. टाळ्या पडल्या. त्याने स्वतः दोन फेऱ्या मारल्या, कार्बोरेटरची सुई फिरवून धूर बघितला आणि मी न मागता रिमोट माझ्या हातात दिला. मग माझ्या शेजारी उभा राहून हळूच म्हणाला, "माझ्या वडलांना घेऊन येऊ का तुमच्याकडे? दिवाळीनंतर?"

मी ट्रकवरची नजर काढली नाही. "तिचं ठरलं. नाशिकला. साखरपुडा झाला गेल्या महिन्यात."

त्याने रेतीवरचा रुमाल उचलून झटकला. मग म्हणाला, "टिटवाळ्याला गेलेलात तवा?"

"हो."

त्याने हत्यारं पिशवीत भरली. जाता जाता वळला आणि म्हणाला, "आज जोरात नको पळवू. इंजिन नवीनसारखं हाय, दोन टाक्या हळू जाऊ दे. आणि स्पंज लाव." सायकलवर बसून गेला. लोक बघत होते, म्हणून मी ट्रक जोरात पळवला. दुसऱ्या टाकीला इंजिन किंचाळलं आणि जाम झालं.

लग्नाला आठ दिवस होते तेव्हा मी ते इंजिन पिशवीत घालून त्याच्या शेडवर गेलो. नवऱ्याकडची पोरं लग्नाला येणार होती, त्यांना मला ट्रक दाखवायचा होता. माझ्यात एवढी हिंमत होती याची मला आज शरम वाटते, तेव्हा वाटली नाही. त्याने इंजिन घेतलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याने ते तापवलं, पिस्टन सोडवला, ओरखडे घासून काढले. तासभर मी स्टुलावर बसून होतो. घासता घासता, वर न बघता त्याने विचारलं, "एक खरं सांग. तिला ठाऊक होतं का? माझ्या मनात काय होतं ते?"

इंजिन त्याच्या हातात होतं, अजून जोडायचं बाकी होतं.

"छे," मी म्हणालो. "तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या डोक्यातही नसेल."

त्याचा चेहरा सैल पडला. खरंच सुटल्यासारखा हसला. "मग बरं झालं, मी तिच्याशी काय बोललो नाय. उगाच तिला ताप झाला असता." त्याने इंजिन जोडलं, कामाच्या टेबलावर दाबून धरून दोरी ओढली आणि दोन मिनिटं चालू ठेवून आवाज ऐकला. मग बंद करून स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

"तिला यातलं काय सांगू नको हां," तो म्हणाला. "कवाच नको."

मी म्हणालो, नाही सांगणार, आणि तो शब्द मी आजवर पाळला आहे. बहीण माहेरपणाला आली की अजूनही कधीतरी सहज म्हणते, की तुझा तो मित्र फार घमेंडी होता, साधं उत्तरसुद्धा दिलं नाही त्याने. मी म्हणतो, हो, होताच तो तसा.